हवा बंद, भ्रामरी चालू

साठ माणसं कानांत अंगठे घालून, डोळे मिटून, एका बंद खोलीत भुंग्यासारखी गुणगुणत होती. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो. माझ्याकडे काम एकच होतं, खोलीचं तापमान तेवीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली प्रणाली उठली, चपला हातात घेऊन दाराशी आली आणि मला हळूच म्हणाली, "सर, इथं हवाच नाही आहे. मी काय आत घेऊ आन् काय बाहेर सोडू?"

आणि निघून गेली.

मी तेव्हा नागपुरातल्या एका कॉल सेंटरमध्ये फॅसिलिटी इंजिनिअर होतो. म्हणजे लिफ्ट, जनरेटर, पाणी आणि एसी. हे सगळं चालू असतं तेव्हा आपण कोणाच्या ओळखीचे नसतो. बंद पडलं की दोनशे लोकांना आपला मोबाइल नंबर पाठ असतो. एसी हा माझा खास विषय. तीस वर्षं त्यातच गेली. त्यामुळे एसीच्या खोलीत हवा नाही असं मला कोणी सांगावं, तेही पारशिवनीहून आलेल्या एका सत्तावीस वर्षांच्या पोरीनं, हे मला काही आवडलं नाही.

आता हे गुणगुणणं कुठून आलं ते सांगतो.

आमचा मुख्य हॉल दुसऱ्या मजल्यावर. एकशे ऐंशी खुर्च्या, चारी बाजूंनी काच, आणि उघडेल अशी एकही खिडकी नाही. हॉलमधून वर्षभर अधूनमधून तक्रारी यायच्या, त्या पावसाळ्यात त्या एकसारख्या यायला लागल्या. सकाळी माणूस ताजातवाना यायचा, अकरा वाजेपर्यंत डोकं जड. दुपारी जांभया. संध्याकाळी ग्राहकाचं नावच आठवायचं नाही. प्रणाली पंधरा जणांची टीम लीडर होती, कामाला चोख. एकदा क्लायंटबरोबर व्हिडिओ मीटिंग चालू असताना तिला चक्कर आली आणि तिनं टेबलावर डोकं टेकलं. क्लायंटनं ते पाहिलं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टर म्हणाले, ताण असेल.

ताण हा शब्द कंपनीला फार आवडला. कारण ताण ही कर्मचाऱ्याची खाजगी मालमत्ता असते. तो घरून डब्याबरोबर येतो आणि संध्याकाळी परत घरी जातो. कंपनीला त्यात फक्त सहानुभूती दाखवायची असते. एचआरनं लगेच सगळ्यांकडून एक फॉर्म भरून घेतला. तुम्हाला ताण किती आहे, कमी, मध्यम की जास्त? "नाही" असा पर्याय त्यात नव्हता. निकाल आला, शंभर टक्के कर्मचाऱ्यांना ताण आहे.

आमचे सेंटर हेड निखिल सर पुण्याहून बदलून आलेले. मेहनती माणूस, वाईट नव्हे. पण प्रत्येक अडचणीला एक प्रोग्रॅम असतो आणि प्रत्येक प्रोग्रॅमला एक बॅनर असतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी बोरकर बाईंना बोलावलं.

बोरकर बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय सत्तरच्या पुढे. इतवारीत भांड्यांच्या दुकानांच्या वर राहतात आणि तीस वर्षं लोकांना प्राणायाम शिकवतात. पहिल्या दिवशी त्या ट्रेनिंग रूममध्ये आल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "खिडकी कुठं आहे?"

"मॅडम, आपल्याकडे सेंट्रल एसी आहे. खिडक्या उघडत नाहीत," निखिल सर म्हणाले.

"मंग गच्चीवर घेऊ. सकाळी चांगली हवा राहते."

"टेरेसवर प्रोजेक्टर दिसणार नाही. आणि फोटो नीट येत नाहीत."

"फोटो कशाले? डोळे मिटूनच तर बसायचं आहे."

निखिल सर हसले. "मॅडम, इथली हवा फिल्टर होऊन येते. बाहेरच्यापेक्षा चांगली आहे." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ म्हणून. मी मान डोलावली. तज्ज्ञाला दुसरं काय काम असतं.

बाईंनी भ्रामरी शिकवायला घेतली. प्रकार अगदी सोपा. ताठ बसायचं, अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटं डोळ्यांवर अलगद ठेवायची. नाकानं लांब श्वास घ्यायचा आणि ओठ मिटून, घशातून भुंग्यासारखा आवाज करत तो हळूहळू सोडायचा. आवाज कवटीत घुमतो. सोडायला जास्त वेळ लागतो, म्हणून श्वास आपोआप संथ होतो आणि डोकं शांत होतं. बाई म्हणायच्या, "जोर लावू नका. भुंगा कधी ओरडतो का?"

पहिल्या आठवड्यात उत्साह इतका, की लोक हॉलमध्येही दोन कॉलच्या मध्ये भ्रामरी करायला लागले. ग्राहकांच्या तक्रारी आल्या, लाइनवर घूं असा आवाज येतो. टेलिफोनवाल्यांनी दोन दिवस हेडसेट बदलून पाहिले. शेवटी कारण कळलं तेव्हा निखिल सरांनी मेल काढला, भ्रामरी फक्त नेमून दिलेल्या वेळेत आणि नेमून दिलेल्या जागेत करावी. शांतीचीही शिफ्ट लागली.

डोकेदुखी मात्र होती तिथंच होती. उलट ट्रेनिंग रूममधून बाहेर येताना दोन-तीन जण कपाळ चोळत यायचे. आमच्यात त्याला "सुरुवातीला असं होतं" म्हणायचे.

आणि मग प्रणाली उठून गेली.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातात पत्र पडलं. कंपनीच्या आरोग्य उपक्रमाला असहकार, सहकाऱ्यांसमोर अयोग्य वर्तन, आणि मागची ती चक्कर. हे सगळं एकत्र करून, टीम लीडरच्या जागेवर त्यांना ठेवावं की नाही यावर पुढच्या महिन्यात रिव्ह्यू होईल, असं त्यात होतं. रिव्ह्यू म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं. तिनं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि पुढचा कॉल घेतला.

खरं सांगतो, मी तिच्या मदतीला धावलो वगैरे काही नाही. मला तिला खोटं पाडायचं होतं. माझ्या एसीबद्दल ती बोलली होती. म्हणून मी कपाटातून मीटर काढलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायचं हे छोटं यंत्र आम्ही एका ऑडिटसाठी घेतलं होतं. ऑडिटरनं "मीटर आहे का?" विचारलं, आम्ही खोका दाखवला, त्यानं खूण केली. खोक्याचं सील तसंच होतं.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे आपण सोडतो तो वायू. तो एवढ्या तेवढ्यानं विषारी नसतो. पण खोलीत त्याचा आकडा चढला, की समजायचं लोक एकमेकांचाच उरलेला श्वास घेताहेत. बाहेर मोकळ्यावर हा आकडा चारशेच्या आसपास असतो. ऑफिसात हजारपर्यंत आला तर चालवून घेतात. दोन हजारांवर डोकं जड होतं, झोप येते, लक्ष लागत नाही.

गच्चीवर मीटरनं चारशे तीस दाखवलं. म्हणजे यंत्र ठीक होतं. हॉलमध्ये गेलो. तेवीसशे. मी मीटर झटकलं. आमच्या पिढीची ती पहिली दुरुस्ती. परत तेवीसशे.

दुसऱ्या दिवशी भ्रामरीच्या वेळेला मीटर रुमालात गुंडाळून ट्रेनिंग रूममध्ये उभा राहिलो. सुरुवातीला अठराशे. पाच मिनिटांनी एकवीसशे. बाई सांगत होत्या, "लांब श्वास घ्या, आणखी लांब." साठ माणसं मन लावून ऐकत होती. वीस मिनिटांनी शेवटची आवर्तनं झाली, सगळ्यांनी तळहात चोळून डोळ्यांवर ठेवले, तेव्हा आकडा एकोणतीसशे होता. तापमान मात्र बरोबर तेवीस.

मी जिन्यात जाऊन बसलो.

आता थोडं एसीबद्दल. मोठ्या इमारतीत एएचयू नावाचा लोखंडी पेटारा असतो, आमच्याकडे हॉल आणि ट्रेनिंग रूम दोन्हींना मिळून एकच. तो खोलीतली हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. तीच हवा गोल फिरते. म्हणून त्याला बाहेरून एक वेगळा डक्ट जोडलेला असतो, त्यातून थोडी ताजी हवा सतत आत यावी म्हणून. त्या डक्टच्या तोंडाशी पट्ट्यांची झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. पट्ट्या आडव्या तर हवा चालू, उभ्या तर बंद. एकशे ऐंशी माणसांचा श्वास त्या पट्ट्यांवर अवलंबून असतो, आणि त्या छताजवळ अशा ठिकाणी असतात की शिडी लावल्याशिवाय दिसत नाहीत.

फैयाजला हाक मारली. फैयाज माझा एसी टेक्निशियन, रोज कामठीहून बसनं यायचा. शिडी लावली. तो वर चढला आणि खाली पाहून म्हणाला, "साहेब, डॅम्पर बंद आहे."

"कोणी केला?"

तो एक पायरी खाली उतरला. "तार बांधून आहे. मीच बांधली होती. तुमीच सांगतलं होतं ना, साहेब. त्या मे महिन्यात."

मला आठवलं. मागच्या वर्षीचा मे. बाहेर शेहेचाळीस डिग्री. परदेशातून क्लायंट येणार आणि हॉलचा पारा सत्तावीसवरून हलत नव्हता. निखिल सर केबिनमधून फोन करत होते, "देवतळे, काहीही करा, मला तेवीस पाहिजे." शेहेचाळीस डिग्रीची हवा आत घेऊन गार करणं यंत्राला जड जात होतं. मी म्हटलं, फैयाज, फ्रेश एअर बंद कर. दोन तासांत तेवीस. क्लायंट खूश, निखिल सर खूश. मला सगळ्यांसमोर टाळ्या मिळाल्या. संध्याकाळी उघडायचं ठरलं होतं.

ते उघडायचं राहून गेलं. चौदा महिने.

पण खरी गोष्ट पुढेच होती. दर महिन्याला मी एक चेकलिस्ट भरतो. त्यात सतरावी ओळ आहे, फ्रेश एअर डॅम्पर. तिच्यापुढे मी चौदा वेळा "ओके" लिहिलं होतं, खाली चौदा सह्या. वळणदार. ज्या हवेचा मी दर महिन्याला दाखला देत होतो, ती मे महिन्यापासून इमारतीत आलीच नव्हती.

"आता काय करायचं साहेब?" फैयाजनं विचारलं.

"उघड."

रविवारी सकाळी आम्ही तार कापली, पट्ट्या मोकळ्या केल्या, जाळीत पारव्यानं केलेला काड्यांचा पसारा काढला. सोमवारी दुपारी हॉलचा आकडा नऊशे होता. तापमान दीड डिग्रीनं वाढलं. निखिल सरांचा फोन आला, मी म्हटलं, ह्युमिडिटी आहे सर, पावसाळा आहे. खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, काम झालं ना. हवा आली, लोकांची डोकी हलकी झाली, उगाच जुनं उकरून काय मिळणार? निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

त्या सोमवारपासूनच डोकेदुखी जवळजवळ थांबली. दुपारच्या जांभया कमी झाल्या. चुका कमी झाल्या. आणि दोन आठवड्यांनी निखिल सरांनी जाहीर केलं की भ्रामरी लागू पडली.

हे मात्र मला सुचलं नव्हतं. आलेख तयार झाले. भ्रामरी सुरू झाली इथं बाण, तक्रारी कमी झाल्या इथं बाण. मुख्य ऑफिसला प्रेझेंटेशन गेलं. ट्रेनिंग रूममध्ये बोरकर बाईंचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. निखिल सर भाषणात म्हणाले, "ज्यांनी मनापासून सहकार्य केलं त्यांना फायदा झाला. ज्यांनी केलं नाही, त्यांचा विचार त्यांनीच करावा." प्रणाली मागच्या रांगेत उभी होती. तिचीही डोकेदुखी थांबली होती, पण ती कुठल्याच आलेखात बसत नव्हती.

सत्कार झाल्यावर बाई शाल सावरत माझ्याकडे आल्या.

"देवतळे, एक गोष्ट विचारू का?"

"विचारा ना बाई."

"सगळ्यांची डोकेदुखी एकाच सोमवारी काहून थांबली? मी तीस वर्षं शिकवून राहिली. प्राणायाम कोणाले आठ दिवसांत लागू पडतो, कोणाले सहा महिन्यांत. तारीख ठरवून नाही येत तो."

मी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मी ह्या लेकरांना उष्टी हवा ओढायले लावत होती," त्या म्हणाल्या. "लांब श्वास घ्या म्हणून."

"चूक माझी आहे बाई."

"ते तं आहेच." त्यांनी शाल काढून घडी केली. "त्या पोरीचं काय होऊन राहिलं? जी उठून गेली?"

"शुक्रवारी तिचा रिव्ह्यू आहे."

"आन् तुम्ही शुक्रवारी काय करणार?"

एवढं विचारून त्या जिन्याकडे निघाल्या. तीस वर्षं शाळेत घालवलेल्या बाईंना कोणता प्रश्न मुलाजवळ सोडून निघून जायचं, ते बरोबर कळतं.

गुरुवारी मी चौदा चेकलिस्टच्या झेरॉक्स काढल्या. मीटरच्या नोंदी, डॅम्परचे फोटो, आणि एक पान माझ्या हातचं. एचआरला आणि मुख्य ऑफिसच्या सेफ्टी विभागाला मेल तयार केला. पण बोट सेंडवर जाईना. छातीत धडधडत होतं. मग गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो, कान बंद केले आणि भ्रामरीची पाच आवर्तनं केली. आतापर्यंत मी ती फक्त लोकांना करताना पाहिली होती. खरं सांगायचं तर उपयोग होतो. धडधड थांबली. भीती होती तेवढीच राहिली, पण तिच्यासकट मेल पाठवता आला. पाठवला, आणि मग निखिल सरांच्या केबिनमध्ये गेलो.

त्यांनी कागद पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"आता सगळ्यांना, सर. मेल गेला आहे."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणाला असता, पाठवू नका."

त्यांनी ते नाकारलं नाही. म्हणाले, "पण डॅम्पर तुम्ही बंद केला."

"मी केला. तुम्ही म्हणाला होतात, काहीही करा."

"मी काहीही म्हणालो होतो, देवतळे. डॅम्पर नव्हतो म्हणालो."

कागदावर ते बरोबर होते. आणि कागदावर सही माझी होती.

"आता उघडलाय ना?" त्यांनी विचारलं. "मग विषय संपला. प्रेझेंटेशन वर गेलेलं आहे. ते परत कसं मागवायचं?"

"प्रेझेंटेशन राहू द्या सर. प्रणालीचं पत्र मागे घ्या. ती बोलली ते खरं होतं. सगळ्या इमारतीत ते तिला एकटीलाच कळलं आणि तिनं तोंडावर सांगितलं."

"तिची सांगायची पद्धत चुकीची होती."

"पद्धत माझी बरोबर होती, सर. चौदा महिने."

त्यांनी कागद जुळवून ड्रॉवरमध्ये ठेवले. मग म्हणाले, "जा तुम्ही. बघतो."

पुढचं थोडक्यात. प्रणालीचं पत्र एका ओळीच्या दुसऱ्या पत्रानं रद्द झालं. त्या ओळीत कारण नव्हतं, दिलगिरी तर नव्हतीच. ती टीम लीडर राहिली. मला खोटी चेकलिस्ट भरल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. फैयाजला काही झालं नाही, कारण मी माझ्या पानावर लिहिलं होतं की तार त्यानं माझ्या सांगण्यावरून बांधली. भ्रामरीचा प्रोग्रॅम मुख्य ऑफिसनं बाकीच्या सेंटरांनाही लावला. शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरांत एक ओळ घातली गेली, पूरक सुविधा म्हणून वायुवीजन सुधारण्यात आले.

बोरकर बाईंनी त्या खोलीत परत शिकवायला नकार दिला. सकाळी साडेसातला गच्चीवर वर्ग सुरू केला, हजेरी नाही, फोटो नाही. साठ जणांपैकी अकरा आले. बाई म्हणाल्या, आता बरोबर आहे. मी त्या अकरातला एक.

पत्र रद्द झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रणाली आमच्या यंत्रांच्या खोलीत, प्लांट रूममध्ये आली. म्हणाली, "सर, मले तो डॅम्पर पाहायचा आहे." मी शिडी लावली. ती सरसर वर चढली, पट्ट्यांपुढे हात धरला, येणारी हवा थोडा वेळ हातावर घेतली आणि खाली उतरली.

"चौदा महिने तुम्ही वर चढलेच नाही?"

"नाही."

"आन् तुमची स्वतःची खुर्ची कुठं आहे, सर?"

"तळमजल्यावर. स्टोअरच्या बाजूला."

"तिथं खिडकी आहे?"

"आहे."

"उघडते?"

"उघडते."

तिनं मान हलवली आणि कामावर निघून गेली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

आता मी निवृत्त आहे. नवीन पोरं कधीकधी सल्ला विचारतात. मी त्यांना एवढंच सांगतो, तक्रार आली की आधी यंत्र तपासा, माणूस नंतर. यंत्राचा अपमान होत नाही, आणि चुकून त्याला पत्र दिलंच, तर त्याची नोकरी जात नाही.